छत्तीसचा आकडा

मराठीत दोघांचे पटेनासे झाले की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असे म्हणतात. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून. मुलीच्या बापाला व्याह्यांशी छत्तीसचा आकडा परवडत नाही. माझ्यावर ती वेळ येता येता राहिली, आणि गंमत म्हणजे ती खरोखरीच्या छत्तीस या आकड्यामुळेच येणार होती. छत्तीस व्होल्ट. हा आकडा मी स्वतः कागदावर काढून, खाली दोन रेघा मारून दिला होता.

आमचे घर बेळगावचे. बायकोचे माहेर हुबळीकडचे, कानडी. त्यामुळे आमच्यात ओसरी मराठी आणि स्वयंपाकघर कानडी अशी जुनी वाटणी आहे. मोजणी आणि मुलांना दटावणे मात्र सगळ्यांचे कानडीतच. व्याह्यांनाही आम्ही 'बीगरू' म्हणतो. मुलीने ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला लागली आणि नात्यातून आलेल्या स्थळी पार मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरला गेली. एवढ्या लांब कशी दिली, असे लोक आजही विचारतात. इतिहास वाचणाऱ्यांना गाव अनोळखी नाही. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरवर धाड घातली तेव्हा लुटलेले सावकारांचे बहादूरपूर ते हेच. व्याही स्वतः मराठी, तरी पहिल्या भेटीतच मला म्हणाले, "तुमच्याकडच्या लोकांनी आमचं गाव लुटलं होतं. आता तुमची मुलगी आमच्याकडे आली, हिशेब फिटला."

बऱ्हाणपूर आणि आसपासची गावे ही यंत्रमागांची. आपल्याकडे इचलकरंजी तसे ते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचा नूर पालटला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिकडेही गल्लीत शिरले की तीच खडखड. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओठ वाचावे लागतात. व्याह्यांचा छोटा शेड होता, पण धंदा उतरणीला लागलेला. जुन्या मागांचे सुटे भाग मिळेनात. कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसायचे हे ज्या दातेरी चाकावर ठरते, ते झिजले की अख्खा माग उभा. अशी चाके आणि डॉबीचे लिव्हर नायलॉनमधून किंवा अॅल्युमिनियममधून कापून द्यावेत, ही कल्पना माझ्या मुलीची. "बाबा, ड्रॉइंग मी करीन. मशीन तुम्ही उभं करून द्या," असा तिचा फोन २०१२ च्या पावसाळ्यात आला. आणि पैसा उभा करायला व्याह्यांनी शेडमधले दोन माग भंगारात घातले.

हे दोन माग वाचकांनी ध्यानात ठेवावेत. मी तरी रोज ठेवत होतो.

मी उद्यमबागेत तीस वर्षे मिलिंगवर काढली. शिकलो हरिहरच्या मैसूर किर्लोस्करच्या लेथवर. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या आणि बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने १९४१ साली काढलेला तो कारखाना. आता तो राहिला नाही, त्याचे लेथ मात्र अजून कुठे कुठे चालताना दिसतात. तर सांगायचे म्हणजे, लोखंड मला कळते. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून हाताने फिरवायचे छोटे मिलिंग मशीन घेतले. त्याची तीन हँडले काढून तिथे तीन स्टेपर मोटरी बसवल्या. आट्यातली ढिलाई काढली. हे सगळे पंधरा दिवसांत झाले आणि चांगले झाले. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन दाखवले, तेव्हा त्याच्या मेंदूत निर्वात नळ्यांची कपाटे भरलेली होती. आज त्या कपाटांच्या जागी एक जुना कॉम्प्युटर पुरतो. त्यावर चालवायला लिनक्ससीएनसी नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. अमेरिकेच्या सरकारी मापनसंस्थेने नव्वदच्या दशकात ज्याचा पाया घातला तोच हा. कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या खाचेतून वायर काढायची, ती ड्राइव्हला द्यायची, ड्राइव्हने मोटर फिरवायची.

राहिला प्रश्न या मोटरींना खायला घालायचा. म्हणजे पॉवर सप्लाय. तिथे माझे शिक्षण वाचून आणि करून झालेले.

स्टेपर मोटर ही जात्यासारखी असते. जाते सुरू करताना जोर लागतो, एकदा फिरले की फिरत राहते, आणि एकदम थांबवायला गेलात तर खुंट्यावरचा हात हिसकला जातो. मोटरच्या वेटोळ्यात करंट असाच शिरायला कुरकुरतो. त्याला पटकन आत ढकलायचे तर व्होल्टेज भरपूर हवे. मोटरच्या पाटीवर तीन व्होल्ट लिहिलेले असले तरी ड्राइव्हला तीस-चाळीस व्होल्ट देतात ते याचसाठी. ड्राइव्ह करंटवर लगाम ठेवतो आणि व्होल्टेजचा उपयोग नुसता ढकलायला करतो. व्होल्टेज कमी पडले तर मोटर हळू चालताना ठीक, पण वेग वाढवला की पायऱ्या चुकते. जास्त झाले तर मोटर तापते. किती द्यायचे याचा घरगुती मशीन बांधणाऱ्यांत एक ठोकताळा आहे. मोटरच्या इंडक्टन्सचा मिलिहेन्रीतला आकडा घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ३२ ने गुणायचे. आमच्या मोटरी अडीच मिलिहेन्रीच्या, ४.२ अँपिअरच्या. उत्तर आले साधारण ५०. ड्राइव्हच्या पाटीवरही कमाल ५० व्होल्टच छापलेले. मला वाटले, काय जुळून आले आहे.

मग उलटा हिशेब. ट्रान्सफॉर्मरमधून निघणारा एसी ब्रिजमधून गेला आणि कपॅसिटरवर साठला की त्याचा डीसी होतो १.४१ पट. त्यातून ब्रिजमधल्या डायोडचे दोनेक व्होल्ट वजा. छत्तीस गुणिले १.४१ म्हणजे ५१ च्या जवळ, वजा दोन, ४९. कागदावर ३६ लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

करंटचा हिशेब असा: तिन्ही मोटरी मिळून १२.६ अँपिअर. पण सप्लायकडून त्या कधीच एवढे मागत नाहीत, दोन-तृतीयांश धरले तरी पुरते. म्हणजे साडेआठच्या आत. कपॅसिटर-ब्रिजचा सप्लाय मेन्समधून करंट घोटाघोटाने न घेता गचके देत ओढतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरची तार त्याच्या पावणेदोन पट करंट सोसणारी लागते. पाचशे व्हीएचा ट्रान्सफॉर्मर धरला. कपॅसिटर २२,००० मायक्रोफॅरडचा, ६३ व्होल्टचा, डालडाच्या लहान डब्याएवढा. ब्रिज ३५ अँपिअरचा, अॅल्युमिनियमच्या पाटीवर घट्ट बसवलेला, कारण पंधरा-सोळा वॉट उष्णता एकट्या त्यात होते.

हा मोठा कपॅसिटर म्हणजे दारातला हौद. नळ यावा घोटाघोटाने आणि घरात पाणी अखंड मिळावे, तर मध्ये हौद लागतो. बऱ्हाणपूरच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. खानखाना अब्दुल रहीम यांच्या सुभेदारीत, १६१५ साली, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले गेले. तोच कुंडी भंडारा. ओळीने कुंड्या आणि कुठे पंप नाही, नुसत्या उताराने पाणी वाहते. व्याह्यांनी मला तो दाखवला, पुढे शहरात मावा जिलेबी खाऊ घातली, आणि येताना म्हणाले, "तुमचा डबा पण असाच ना, भरून ठेवायचा आणि हळूहळू सोडायचा?" मी हो म्हणालो. हौद भरून वाहू लागला तर काय, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही.

एवढा ट्रान्सफॉर्मर तयार मिळेना. पण मागांच्या गावात मोटर बांधणाऱ्याची दुकाने हवी तेवढी. माग म्हटला की मोटर, आणि मोटर म्हटली की ती कधीतरी जळणारच. बऱ्हाणपूरच्या एका गल्लीत साठीचे एक चाचा होते. मोटरी बांधायचे, स्टॅबिलायझर बांधायचे. कागद त्यांनी पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि विचारले, "ये छत्तीस कहां से आया?" मी ठोकताळा सांगितला. ते काही बोलले नाहीत.

काम मात्र पाहत राहावे असे. पंचवीस-सव्वीस चौरस सेंटिमीटर गाभ्याची स्टॅम्पिंग. त्यावर व्होल्टला १.६ फेरे, म्हणजे मेन्सच्या बाजूला ३६८ फेरे १९ गेजच्या तारेचे. ते हातयंत्रावर झाले, त्याला मोजणीचा काटा असतो. वर लेदरॉइड कागदाचे थर चांगले ओसंडून गुंडाळले, कारण २३० व्होल्ट आणि माणसाचा हात यांच्यामध्ये तेवढाच आडोसा असतो. मग दुसरे वाइंडिंग. ते जाड, १५ गेजच्या दोन तारा जोडीने, लाकडी मोगरीने ठोकून बसवायच्या. तिथे काटा नाही, तोंडाने मोजायचे. चाचा हिंदीत मोजत, व्याही मराठीत, आणि त्या दोघांत गोंधळू नये म्हणून मी मनात कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. माझे ऐवत्तेंटु झाले तेव्हा चाचांचे 'अठ्ठावन' झाले. व्याही साठावर होते. त्यांना आम्ही दोघांनी मिळून बाद केले.

मधेच चाचांनी ३९ व्या, ४५ व्या आणि ५१ व्या फेऱ्याला तारेचा एक कान बाहेर काढून ठेवला होता. २४, २८ आणि ३२ व्होल्टचे टॅपिंग. मी म्हणालो, लागणार नाही. ते म्हणाले, "स्टॅबिलायझर में हमेशा निकालते हैं. आदत है." वार्निशमध्ये बुडवून, भट्टीत सुकवून ट्रान्सफॉर्मर घरी आला. ते तीन कान मी टेपने गुंडाळून बाजूला वळवून ठेवले.

पहिल्यांदा जोडला त्या दुपारी मीटरवर ४४ व्होल्ट. ४९ ला थोडे कमीच होते. मी खूश. पाटीवरच्या कमाल आकड्यापासून सहा व्होल्ट लांब, आणखी काय पाहिजे? मशीन चालले. मुलीने कॉम्प्युटरवर काढलेले चाक नायलॉनमध्ये दात-दात उमटत गेले तेव्हा विहीणबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तीन दिवस सगळे सुरळीत चालले.

चौथ्या दिवशी गावातले माग बंद होते. सुट्टी. गल्ली इतकी शांत की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आम्ही म्हटले, बरे झाले, निवांत काम करू. मुलीने बटण दाबले. मोटरींनी नेहमीचा हुंकार दिला, टेबल एका बाजूला गेले, वळायला थांबले आणि ठप्प असा आवाज झाला. मग दुसरा. फ्यूज गेला. तीनपैकी दोन ड्राइव्ह मेले होते. एकातल्या चिपच्या टकलावर खड्डा पडलेला. जळक्या बेकलाइटसारखा वास दिवसभर घरात राहिला.

काय झाले हे कळायला मला, लाज वाटते, पण अर्धा तास लागला. मीटर भिंतीतल्या सॉकेटला लावला. २६२ व्होल्ट. मी ज्या दुपारी सप्लाय मोजला होता त्या दुपारी तिथे २०० च असणार. एका डीपीवर शेकडो माग, एकेकाला अश्वशक्तीच्या आसपासची मोटर. सगळे चालू असले की लांबच्या तारांतच व्होल्टेज गळते. सगळे बंद झाले की ते उसळते. खेड्यातले डीपी दिवसाच्या ओढीला पुरावेत म्हणून मुळातच थोडे चढे लावलेले असतात. माझा सप्लाय रेग्युलेटेड नव्हता. साधा ट्रान्सफॉर्मर-ब्रिज-कपॅसिटर. मेन्स जेवढी वर जाईल त्या प्रमाणात तोही वर. ४४ चे ५८ झाले होते. त्यात टेबल वळायला थांबले, आणि थांबणारी मोटर जात्यासारखा उलटा हिसका देते. ती ऊर्जा परत सप्लायमध्ये येते आणि आकडा आणखी चढतो. पन्नास व्होल्टच्या ड्राइव्हने मान टाकली यात त्याचा काही दोष नाही.

ठोकताळा खोटा नव्हता. पण तो बांधणारे लोक जिथे राहतात तिथे भिंतीतला आकडा हलत नाही. मी २३० हा आकडा पाटीवरून घेतला, भिंतीवरून नाही. चाचांनी विचारले होते, छत्तीस कुठून आला म्हणून.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट ही नाही. ती पुढे पाच मिनिटांत झाली.

मेलेले ड्राइव्ह मी सोडवून काढले. तिसरा जिवंत होता, तोही वाचवायचा म्हणून काढला. प्लग तर केव्हाच ओढलेला. उघडा सप्लाय टेबलाच्या कडेला, मी मीटरचे आकडे कागदावर लिहीत बसलेलो. नातू चार वर्षांचा. हातात वरणभाताचा स्टीलचा चमचा. तो चमचा त्या चकचकीत डब्याच्या दोन स्क्रूंकडे निघालेला मुलीने दारातून पाहिला आणि ओरडली, "मुट्टब्याड!"

पोरगे जागच्या जागी थिजले. सासरी ती सगळ्यांशी मराठी-हिंदीत बोलते, पण दटावणी आईची भाषा सोडत नाही. नातवालाही तो शब्द कळला की हात मागे घ्यायचा, एवढे पक्के ठाऊक. विहीणबाईंना अर्थ कळला नाही, सूर कळला. त्यांनी त्याला उचलले.

मी म्हणालो, "अगं, प्लग काढलाय. त्यात काही नाही आता." आणि ते दाखवायला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर दोन्ही स्क्रूंवर आडवा ठेवला. तड् करून निळी ठिणगी, आणि स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला खाच. स्क्रूचा एक तुकडा वितळून उडाला होता.

ड्राइव्ह जोडलेले असले की बटण बंद केल्यावर तेच कपॅसिटर हळूहळू पिऊन टाकतात. ते काढले की पिणारे कोणी नाही. चांगला कपॅसिटर मग तासन्‌तास भरलेला राहतो. ५८ व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला कदाचित नुसता चावेल. पण चमचा, अंगठी, पाटली असे काही दोन टोकांना आडवे आले तर त्यातून क्षणात शेकडो अँपिअर धावतात. धातू लाल होतो आणि त्याखाली कातडी असते. चार वर्षांच्या पोराची वरणभाताने ओली बोटे, तोंडाच्या एवढ्या जवळ आलेला चमचा. मला त्या रात्री झोप आली नाही. ड्राइव्हमुळे नाही.

ज्यांच्या घरात असे काही चालले असेल त्यांनी एवढे तरी करावे. कपॅसिटरच्या दोन टोकांना कायमचा एक रेझिस्टर जोडावा. आमच्या मापाच्या कपॅसिटरला एक किलोओहमचा, दहा वॉटचा पुरतो. साधारण मिनिटभरात तो व्होल्टेज पाच-सहाच्या खाली आणतो. जवळ एक एलईडी लावावा. तो विझेपर्यंत हात घालायचा नाही, आणि विझल्यावरही मीटर लावून बघायचे. स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर रिकामा करणे हा गाढवपणा आहे, मी केला म्हणून सांगतो. चाचा त्यासाठी होल्डरमध्ये शंभराचा पिवळा बल्ब ठेवतात, त्याच्या दोन वायरी टोकांना लावायच्या. पण कपॅसिटर झाला तरी दुय्यम. जीव घेणारी बाजू २३० व्होल्टची. तिचे प्रत्येक टोक झाकलेले हवे, सप्लाय लोखंडी डब्यात आणि डबा अर्थ केलेला हवा. अर्थ म्हणजे भिंतीतले तिसरे भोक नव्हे. त्या भोकामागे खड्ड्यापर्यंत तार गेलीच नाही असे किती घरांत निघते! बहादरपुरच्या शेडमध्ये खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून ते केले, तेव्हा मागांच्या सांगाड्याचा मुंग्या येणारा जुना चटकाही गेला. ती सवय झालेली होती म्हणे सगळ्यांना.

संध्याकाळी व्याही आणि मी अंगणात बसलो. ड्राइव्हचे पैसे मी देणार, चूक माझी आहे, असे मी म्हणालो. दोन माग माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मुलीच्या सासरी बापाने नुकसान करून ठेवायचे म्हणजे काय, हे ज्याला मुलगी आहे त्याला कळेल. व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मनात म्हटले, झाला छत्तीसचा आकडा. मग म्हणाले, "व्याहीबुवा, मागाचा पट्टा तुटून माझं डोकं फुटलं होतं तेव्हा मी माग सोडला नाही. तुम्ही दोन डबड्यांवरून सोडता का?" पैशांवरून मग रीतसर वाद झाला. शेवटी एक ड्राइव्ह त्यांचा, एक माझा असे ठरले. मुलगी म्हणाली तिसरा जळला असता तर तो माझा.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांनी आधी ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलेही नाही, मीटरजवळचे न्यूट्रल तपासले. न्यूट्रल सैल असले तर एका फेजवर तीनशेच्या पुढेही व्होल्ट चढतात, ते औषधाने बरे होत नाही. ते घट्ट निघाले. मग म्हणाले, आठ दिवस भिंत मोजा. आठ दिवस आम्ही सकाळ, दुपार, रात्री वहीत सॉकेटचा आकडा लिहिला. सगळ्यांत खाली १८२, सगळ्यांत वर २६४.

त्यानंतर ते टेप गुंडाळलेले कान सोडले. २८ व्होल्टचा, ४५ व्या फेऱ्याचा. नवा ट्रान्सफॉर्मर लागला नाही, तार लागली नाही, पाच मिनिटांत दोन नटबोल्ट. २६४ ला सप्लायवर ४५ येतात, मोटरच्या उलट्या हिसक्याला पाच व्होल्ट शिल्लक. १८२ ला तीस-एकतीस येतात, तेव्हा मोटरींचा वेग थोडा बेताने ठेवायचा. मुलीने प्रोग्राममध्ये कमाल वेगच उतरवून टाकला. चाकाला दोन मिनिटे जास्त लागतात. गिऱ्हाइकाला त्याचे काही नाही. नव्या ड्राइव्हवर आणखी दोन गोष्टी मार्कर पेनने लिहून चिकटवल्या आहेत: चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, आणि तांबडे बटण मेन्स तोडणारे असावे, कपॅसिटर आणि ड्राइव्हच्या मधली तार तोडणारे नव्हे. दोन्हींनी ड्राइव्ह मरतो.

आज कोणी मला विचारले तर मी काय सांगेन? आता ३६ किंवा ४८ व्होल्टचा तयार एसएमपीएस सहज मिळतो. हलका असतो, आणि भिंतीत १८० असो की २६० तो आपला आकडा सोडत नाही. छोट्या मशीनला तोच घ्यावा. पण मोठी मोटर झपकन थांबवली की परत येणाऱ्या उसळीने काही एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतात, आणि कामाच्या अध्यात मशीन थांबले की तुकडा वाया. शिवाय मागांच्या गावात हवेत कापसाची तूस तरंगते. पंखेवाल्या डब्यात ती कापूस पिंजल्यासारखी भरते, आणि तो गेला की बहादरपुरात दुरुस्त करणारा नाही. ट्रान्सफॉर्मर गेला तर चाचा आहेत. चाचा नसतील तेव्हा त्यांचा पुतण्या आहे, तो आता मोजायला काटा वापरतो. ज्याच्या गावात जे दुरुस्त होते ते त्याने घ्यावे, असे माझे मत. मुलीचे मत वेगळे आहे, तिने दुसऱ्या मशीनला एसएमपीएसच लावला, जाळीचा पंखा लावून. तोही चालतो.

हो, दुसरे मशीनही आले. दोन माग परत आले नाहीत, त्यांची जागा त्या दोन मशीनींनी घेतली.

वही मात्र व्याह्यांनी बंद केली नाही. तिकडे माग बंद असले की सकाळी सकाळी आमच्या घरी फोन येतो. बायको उचलते आणि मला हाक मारते, "बीगरू!" तिकडून नमस्कार-चमत्कार काही नाही. "भिंतीत दोनशे एकसष्ट. खाली चव्वेचाळीस." मी म्हणतो, ठीक आहे. मग नातू फोन घेतो.